वाजणारा भोपळा

१

तुम्ही बाई मारलीत आणि कागदावर विषाणूचं नाव लिहिलंत. टेकडीवरच्या रुग्णालयाच्या काचेच्या इमारतीत चौकशी समिती म्हणून बसलेल्या साहेबांनो, हे तुमच्या तोंडावर सांगायचं आहे. ‘सर्दीतापाच्या विषाणूमुळे हृदयाला सूज, त्यात औषधांना न जुमानणारा रक्तदाब. मृत्यू अटळ.’ दोन दिवसांत एवढं खरडलंत, शिक्का मारलात, फाइल मिटलीत आणि जेवायला गेलात. ह्यन माल्सुन गेली. पण चार मिनिटं श्वास धरून समुद्राच्या तळाशी राहणारी बाई सर्दीनं मरते, हे मोसालपो गावाला पटेना. मग गावानं आपला वेगळा निकाल लावला: माल्सुनला इल्लाननं मारलं.

बू इल्लानला माल्सुनचा काडीचा कळवळा नव्हता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. दोघी जेजू बेटावरच्या, बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या. एकाच वर्षी पाण्यात उतरल्या, त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली. माल्सुन वरच्या फळीत गेली, गावातल्या बायकांची म्होरकी झाली. इल्लान मधल्या फळीतच राहिली. पाण्यातून बाहेर आल्यावर बायका शेकोटीभोवती बसतात, तेव्हा वाऱ्याकडची जागा वरच्या फळीची. तिथे धूर लागत नाही. इल्लाननं सत्तेचाळीस वर्षं धूर खाल्ला. डोळे चोळून समोर पाहावं तर माल्सुन बसलेली. लालबुंद, हसरी, आणि मेलीचे डोळे कोरडे ठणठणीत.

अंत्यविधीला गेली तेव्हाही इल्लान मोजतच होती. दारात फुलांची चक्रं एकोणीस. तिच्या नवऱ्याच्या वेळी नऊ आली होती.

“मेल्यावरसुद्धा पुढे,” ती पुटपुटली.

आतल्या भिंतीवर माल्सुनच्या आईचा तेवाक टांगलेला होता. आता बुडी मारताना थर्मोकोलचा तरंगा वापरतात. हा जुन्या काळचा, वाळवलेल्या भोपळ्याचा. इल्लानच्या आईचाही असाच होता, तो वादळात फुटला. माल्सुनचा मात्र शाबूत. इल्लाननं तो खुंटीवरून काढला. आत काहीतरी खुळखुळलं.

“सामचुन, ते ठेवा आधी!” बेटावर वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ‘सामचुन’ म्हणत माल्सुनची सून छेरिन हातातला रश्श्याचा वाडगा तसाच ठेवून धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“का गं? खातेय का मी तो?”

“ठेवा म्हटलं ना.”

एवढ्यात मच्छीमार संघाचा प्रमुख यांग दारात उभा राहिला. “इल्लान सामचुन, जरा बाहेर या.”

अंगणात त्यानं आवाज खाली आणला. “पेज तुम्ही नेलीत. सकाळी पेज, दुपारी धाप, संध्याकाळी रुग्णालय आणि तिसऱ्या दिवशी ही फुलांची चक्रं. आणि आता म्होरकी कोण होणार, तर तिच्या बरोबरीच्या तुम्ही. बायका म्हणतात, इल्लानच्या जोडीनं पाण्यात उतरणार नाही.”

एकटीनं बुडी मारायची नाही, हा नियम. जोडीला कुणी नसलं की समुद्र बंद.

“तू काय म्हणतोस?”

“मी म्हणतो, नव्या हंगामाला समुद्र उघडायला नऊ दिवस आहेत. काय ते निस्तरा. नाहीतर रबरी कपडे धुऊन वाळत घाला. कायमचे.”

२

पेज इल्लाननं नेली होती, हे खरंच. गेल्या हंगामात तिला तळहाताहून मोठा शिंपला सापडला होता. तो तिनं बर्फात जपून ठेवला होता, माल्सुनला दाखवायला. माल्सुन अंथरुणाला खिळली आहे कळल्यावर तिला वाटलं, आता कशी पळून जाशील? त्याच शिंपल्याची पेज केली आणि कवच वरती ठेवून नेली. माल्सुन तापातही ते कवच उलटंपालटं करून म्हणाली, “बरा आहे. एवढे मी गेल्या वर्षी तीन काढले.” त्याच भांड्यातली उरलेली पेज इल्लाननं घरी येऊन रागारागानं संपवली होती.

हे ती आरोग्यकेंद्रातल्या मुनबाईला सांगत होती. गावाच्या टोकाला एक पांढरी खोली, तिला दुखण्यावरच्या पट्ट्यांचा वास, आणि तिथे ही एकटी नर्सबाई. दर महिन्याला सगळ्या बायकांचा दाब मोजायची, आकडे शहराला कळवायची, तिकडून आलेल्या गोळ्या वाटायची.

“विष नव्हतंच, सामचुन,” मुन म्हणाली. “विषाणूच होता. उन्हाळ्यातली सर्दी. क्वचित ती हृदयाच्या स्नायूत शिरते, मग हृदय सुजतं, दमतं. दुपारची धाप त्याचीच.”

“मग मरायलाच हवं होतं का तिनं?”

“नाही. सगळी माणसं मरत नाहीत. आराम दिला, औषधं सांभाळून दिली, तर पुष्कळजण उठून बसतात.”

“ती का नाही बसली?”

मुन टेबलावरची पेनं सरळ करत राहिली.

“गोळ्या किती होत्या तिला?”

“सात.”

इल्लान पुढे सरकली. “सात? आणि मला एकच?”

“सामचुन, हा काय लग्नातला अहेर आहे का?” मुनला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली. “तिचा दाब ऐकतच नव्हता. आधी दोन गोळ्या होत्या. मग तीन झाल्या, चार झाल्या. मी आकडा कळवायची, तिकडचा डॉक्टर गोळी वाढवायचा. मी वाढवल्या नाहीत हो. पण गाव उद्या माझ्यावरही येईल.”

“वही दाखव.”

“दुसऱ्याचं पान दाखवता येत नाही.” मुननं कपाटातून जाड वही काढली, टेबलावर उघडी ठेवली आणि ती उठली. “मी सातूचा चहा टाकते. दहा मिनिटं लागतील. घाई करायची नाही मला.”

इल्लाननं चष्मा लावला. प्रत्येक ओळीत तीन आकडे: वरचा दाब, खालचा दाब, नाडी. माल्सुनचा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चौऱ्याऐंशी, एकशे नव्वद. सगळं जग हा आकडा बघतं. इल्लाननं तोही बघितला, पण तेवढ्यावर तिचं समाधान होणार नव्हतं. माल्सुनची प्रत्येक गोष्ट आपल्याशी ताडून बघायची तिला सत्तेचाळीस वर्षांची खोड. तिनं आपलं पान काढलं आणि बोट तिसऱ्या आकड्यावर ठेवलं.

तिची स्वतःची नाडी गोळी लागण्याआधी ब्याऐंशी होती. गोळीनंतर अठ्ठावन्न. ‘ही गोळी हृदयाची घाई कमी करते,’ असं मुननंच सांगितलं होतं. माल्सुनच्या पहिल्या दोन गोळ्यांत एक हीच होती. गेल्या वर्षी जुलैत तिची नाडी एकसष्ट. ऑगस्टमध्ये साठ. आणि सप्टेंबरच्या शेवटी?

एक्क्याण्णव. त्यानंतर वर्षभर नव्वदीच्या खाली एकदाही नाही.

गेल्या सप्टेंबरात, समुद्र उघडला त्या दिवशी काय घडलं होतं, ते इल्लानला आठवलं. तिनं वही फाटकन मिटली.

३

“माल्सुन गोळ्या घेतच नव्हती,” चहा येताच ती म्हणाली.

मुननं पेला खाली ठेवला. “काहीतरीच काय!”

“हृदयाची घाई कमी करणारी गोळी पोटात आहे, आणि नाडी पळतेय नव्वदीनं? माझी एका गोळीत अठ्ठावन्नवर आली. तिची सात गोळ्यांत येऊ नये?”

मुननं वही ओढून घेतली. बराच वेळ ती वर्षभराच्या ओळींवरून बोट फिरवत होती. तिचे कान लाल झाले. “तिसरा आकडा मी दर महिन्याला लिहिला, सामचुन. स्वतःच्या हातानं लिहिला आणि वाचला नाही.”

“शहरातल्या तुझ्या डॉक्टरनं तरी वाचला का? दाब उतरला नाही की गोळी वाढवायची. बाई गोळी गिळते का, हे विचारायला तोंड झिजतं का त्याचं?”

“पण ही झाली नाडी. आणखी कशावरून म्हणता?”

इल्लान जरा घुटमळली. “कचऱ्यावरून.”

मोसालपोत कचरा निवडून, वेगळा करून द्यावा लागतो. काच इकडे, प्लास्टिक तिकडे. दर बुधवारी तिथे देखरेखीला इल्लान असते.

“तिची पिशवी मी बघायची.”

“म्हणजे उघडून?”

“तर काय, हुंगून? वर्षभर बघितली. या वयात मेलीच्या तोंडावर सुरकुती नाही, ती खाते काय, लावते काय, ते बघायचं होतं मला. सगळं बघितलं. क्रीमच्या बाटल्या, माशाचे काटे, सुनेच्या चिप्सची पाकिटं. पण औषधाची फाडलेली रिकामी पुडी? एकही नाही.”

गोळ्या शहरातून येतात त्या रोजच्या एकेका पुडीत बांधलेल्या, प्रत्येक पुडीवर नाव आणि तारीख. तीनशे पासष्ट दिवसांच्या पुड्या काही हवेत विरत नाहीत.

“समुद्रात टाकल्या असतील,” मुन म्हणाली.

“माल्सुन? समुद्रात औषध? अगं, किनाऱ्यावर कुणी साबण लावला तरी चपलेनं हाणायची ती. तळाशी जे टाकू तेच शिंपल्याच्या पोटात जातं. नाही, समुद्रात नाही. कचऱ्यात मी बसलेली. मग ठेवल्या कुठे तिनं...”

इल्लान बोलता बोलता थांबली. भोपळ्याचा तेवाक करताना आधी देठाशी दोन बोटांचं भोक पाडतात. सगळ्या बिया उकरून काढतात, एकही ठेवत नाहीत, नाहीतर आतून कुजतो. मग भोक बंद करतात. तिनं लहानपणी आईबरोबर असे किती भोपळे कोरले होते.

नीट केलेला तेवाक कधी वाजत नाही.

४

छेरिन मुख्य भूमीवरच्या शहरातून आलेली. गावात तिच्याबद्दल एकच बोललं जाई: सासूचं समुद्रावरचं घर विकून तिला तिकडे परत जायचंय. इल्लान तिच्या दारात उभी राहिली तेव्हा अंगणात खोकी बांधलेली होती.

“घर विकायला काढलंस?”

“सासूबाईंचे कपडे आहेत. तुम्हाला काय करायचंय?”

“भोपळा आण.”

“नाही.”

“बरं, मीच आणते.” इल्लान चपला काढून सरळ आत गेली. छेरिन आडवी आली. दोघींची ओढाताण झाली, भोपळा फरशीवर पडला आणि त्याचे तीन तुकडे झाले. बिडीसारख्या गुंडाळलेल्या पुड्या खोलीभर घरंगळल्या.

दोघी गुडघ्यांवर बसून त्या उलगडत राहिल्या. प्रत्येक पुडीवर ‘ह्यन माल्सुन’ आणि एक तारीख. त्रेचाळीस पुड्या निघाल्या. एकही फाडलेली नव्हती.

“बाकीच्या मी परसात पुरल्या,” छेरिन हळूच म्हणाली. “भोपळा भरला की त्या मला द्यायच्या आणि मी खड्डा खणायची.”

“तुला ठाऊक होतं! आणि गाव माझ्या नावानं शिमगा करत होतं तेव्हा तू रश्श्याचे वाडगे वाटत होतीस?”

“शपथ घातली होती त्यांनी!” छेरिन रडायला लागली. “म्हणाल्या, गोळी घेतली की पाण्यात चक्कर येते, दर तासाला लघवीला बाहेर यावं लागतं. गोळी सोडली म्हणून सांगितलं तर यांग पाण्यात उतरू देणार नाही. घेतली तर वरची फळी जाईल. आणि काहीही झालं तरी इल्लानला कळता कामा नये. सामचुन, तुमचंच नाव होतं त्यांच्या तोंडी. सकाळ-संध्याकाळ.”

इल्लानला आतून काहीतरी टोचलं. आपण एकट्याच जळत होतो, असं तिला आजवर वाटत आलं होतं.

“रुग्णालयात तरी सांगायचंस.”

“सांगितलं की!” छेरिननं डोळे पुसले. “दाखल करताना कागद भरून घेतात. त्यात विचारलेलं, नेहमीची औषधं रुग्ण घेतो का? सासूबाई स्ट्रेचरवरून नको नको म्हणत होत्या. तरी मी लिहिलं. ठळक लिहिलं: ‘एक वर्ष एकही गोळी घेतलेली नाही.’ खाली सही केली.”

“आणि मग?”

“मग काही नाही. दाब बघितला, एकशे अडतीस. डॉक्टर खूश. म्हणाला, गोळ्या लागू पडल्यात, चालू ठेवा. तिथल्या नर्सबाई फार कडक हो. साती गोळ्या हातावर, पाणी तोंडाशी, मग जीभ वर करायला लावून बघायच्या. संध्याकाळी सात गोळ्या, सकाळी पुन्हा सात. सासूबाईंनी माझ्याकडे कसं बघितलं...”

“सकाळी दाब किती?”

“सत्तर. दुपारी मशीनला सापडेना.”

५

मुननं दार लावून घेतलं आणि त्या दोघींना समोर बसवलं.

“आता मी सांगते, तुम्ही ऐका. एकशे नव्वद दाब असलेली बाई. कागदावर सात गोळ्या, पोटात शून्य. विषाणू हृदयात शिरला, हृदयाचा जोर गेला, म्हणून दाब एकशे अडतीसवर आला. औषधानं उतरला नव्हता तो. हृदय थकलं होतं. अशा वेळी एखादी गोळीही विचार करून द्यायची. त्यांनी अख्खी पुडी दोनदा दिली. त्यातल्या दोन तर हृदयाला आणखी हळू चालवणाऱ्या. ज्या अंगानं वर्षभर एक गोळी पाहिली नाही, त्यात बारा तासांत चौदा.”

“म्हणजे विषाणूनं मारलं नाही,” इल्लान म्हणाली.

“विषाणूनं पाडलं. उठली असती की नाही, छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. पण त्यांनी तिला उठायची संधीच दिली नाही.”

छेरिननं पिशवीतून रुग्णालयाच्या कागदांच्या नकला काढल्या. अर्ज करून तिनं त्या मिळवल्या होत्या. वर शिक्का होता: ‘एकूण पाने चौदा.’ इल्लाननं थुंकी लावून मोजली. तेरा. पुन्हा मोजली. पहिलं, दुसरं, चौथं.

“तिसऱ्या पानावर काय होतं?”

“नेहमीची औषधं,” छेरिन म्हणाली. “आणि माझी सही.”

छेरिननं पानं परत पिशवीत ठेवली. मग मुननं विचारलं, “सामचुन, एक राहिलं. तिनं गोळ्या गेल्या सप्टेंबरातच का सोडल्या? चक्कर तर आधीपासून येत असेल.”

“ते मी शेकोटीपाशी सांगेन,” इल्लान म्हणाली. “तिथेच झालं होतं ते.”

समुद्र उघडायच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका शेकोटीपाशी जमल्या. यांगही होता. इल्लाननं पुड्या ओतल्या, वही मुनकडून वाचून घेतली, छेरिनला बोलायला लावलं. बायका पुड्यांवरच्या तारखा हातोहात फिरवत होत्या. यांग खाली बघून म्हणाला, “सामचुन, चुकलो. उद्या उतरा.”

“थांब. माझं झालेलं नाही.” इल्लान धुराच्या बाजूलाच उभी होती. “गेल्या वर्षी समुद्र उघडला त्या दिवशी माल्सुन दोनदा पाण्यातून बाहेर आली, लघवीला. आठवतंय ना? तेव्हा मी इथून ओरडले, ‘वरच्या फळीची बाई आता किनाऱ्यावर मुतण्यात पहिली आली! माल्सुन, ये इकडे, धुरात जागा आहे.’ तुम्ही सगळ्या हसलात. सगळ्यात मोठ्यानं मी. ती नाही हसली. त्यानंतर वर्षभर चार-चार तास ती एकदाही बाहेर आली नाही. आणि मी काय केलं? तिच्या मूत्राशयावरही जळले. म्हटलं, या वयात हिला हेही जमतं!”

तिनं नाक पुसलं. “पेजेत काही नव्हतं. जे होतं ते माझ्या जिभेवर होतं. आता सांगा, कोण उतरतंय माझ्या जोडीनं?”

मागची एक म्हातारी शेकोटीत लाकूड सारत म्हणाली, “हसलो तर आम्ही पण होतो. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल.” मग तिनं वाऱ्याकडची मोकळी जागा दाखवली. “आणि बैस तिथे. आता तुझीच ती.”

त्या जागेसाठी इल्लान सत्तेचाळीस वर्षं तडफडली होती. ती त्या रिकाम्या दगडाकडे बघत राहिली. मग धुरातच खाली बसली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ती समुद्रात उतरली, आणि दुपारी ओल्या केसांनीच छेरिनला घेऊन टेकडीवर गेली. काचेच्या खिडकीमागे एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस बसला होता.

“आजी, समितीचा निर्णय झालेला आहे. प्रकरण बंद.”

“तिसरं पान दे.”

“पानांचे क्रमांक कधीकधी चुकतात हो. मशीनची चूक असते.”

“मशीननं नेमकं तेच पान खाल्लं? बाकीची तेरा त्याला कडू लागली?”

मागच्या रांगेतली माणसं पुढे सरकली. त्या माणसानं फोनकडे हात नेला. इल्लाननं पिशवीतून फुटक्या भोपळ्याचा एक तुकडा काढून खिडकीच्या फळीवर ठेवला आणि त्यात त्रेचाळीस पुड्या ओतल्या.

“हे बघ, बाबा. माल्सुन खोटं बोलली, ते मी गावाला सांगितलं. सुनेनं ते वर्षभर झाकलं, तिनंही कबूल केलं. मुननं नाडी वाचली नाही, ती ते तोंडानं म्हणाली. मी तिला टोचून टोचून गोळ्या सोडायला लावल्या, तेसुद्धा मी चारचौघांत शेकोटीपाशी सांगून आले. आमच्यातलं कुणी ‘अटळ’ म्हणालं नाही. आता तुमची पाळी.”

“आजी, साहेब जेवायला गेलेत.”

“येऊ देत.” तिनं खुर्ची ओढली आणि खिडकीला पाठ न करता बसली. चार मिनिटं नसेल, पण तीन मिनिटं श्वास धरायची तिलाही सवय होती. वाट बघणं तिला कुणी शिकवायला नको होतं.

तर साहेबांनो, ती तिथे बसली आहे. जेवून या, हात पुसा आणि सांगा: सुनेनं लिहिलेलं ते वाक्य त्या संध्याकाळी तुमच्यापैकी कुणी वाचलं होतं? वाचलं असेल तर गोळ्या का दिल्या? वाचलं नसेल तर पान का काढलं?

तिसरं पान कुठे आहे?